बिनकारणाचा नकार

निकम सर, काल शाळेच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली आणि तिथे सगळे मिळून खोटं बोलले. मुख्याध्यापक म्हणाले, सर अत्यंत मृदू स्वभावाचे होते. तुमच्या हाताखाली विज्ञानात दोनदा नापास झालेला एक जण आता बांधकामाच्या धंद्यात आहे. तो म्हणाला, सरांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. हे सांगताना तो तुमच्या फोटोकडे बघत नव्हता, तेवढा प्रामाणिकपणा त्याच्यात शिल्लक आहे. मलाही चार शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, ‘सरांबरोबर चौदा वर्षं पुस्तकं निवडली’ एवढं म्हणाले आणि खाली बसले. खरं बोलायचं तर तासभर लागला असता आणि लोकांचं लक्ष चहाकडे लागलं होतं. म्हणून इथे लिहिते आहे. तुम्ही दुष्ट होतात, सर, आणि मला तुमची फार आठवण येते.

मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा आपल्या नाशिकरोडच्या शाळेत एकच संगणक होता. त्याच्यावर पिवळं कापड असायचं आणि त्या खोलीत चपला काढून जावं लागायचं. त्याच वर्षी संस्थेच्या मनात आलं की आठवी ते दहावीच्या मुलांनी यंत्रांच्या, संगणकाच्या, अंतराळाच्या कादंबऱ्या वाचाव्यात. दरवर्षी बारा पुस्तकं निवडायची, लोखंडी पेटीत भरायची, चार महिने आपल्याकडे, मग ती पेटी एसटीने सटाण्याच्या शाळेत, तिथून कळवणला. निवडायची कुणी, तर विज्ञान शिक्षकाने आणि ग्रंथपालाने. मी पहिल्या दिवशी माझ्या आवडीची पाच पुस्तकं तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही एकेक उचललंत आणि शेवटचं पान काढून वाचायला लागलात. मी घाबरत विचारलं, शेवट आधी का वाचता? तुम्ही मान वर न करता म्हणालात, “चोर पळताना पकडायचा असतो, बाई.” पाचांपैकी चार त्याच टेबलावर मेली.

नियम तुम्हीच घातलेत. पुस्तक दोघांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं. दोघांची सही असलेली चिठ्ठी आतल्या बाजूला चिकटवायची, तरच ते पेटीत जाणार. नकार देणाऱ्याने एक पानभर कारणं लिहून द्यायची. न वाचता मत देणाऱ्या माणसाला तुम्ही जी नावं ठेवायचात ती मी इथे लिहू शकत नाही. तुमच्याशी वाद घालणं मला तेव्हा जमायचं नाही, म्हणून मी एक सवलत मागून घेतली. प्रत्येकाला वर्षातून एका पुस्तकाला कारण न देता नकार देता यावा. तुम्ही हसलात. “बिनकारणाचा नकार म्हणजे बिनडोक नकार. तुम्हाला हवा तर घ्या. मला लागायचा नाही.” मी तो दरवर्षी वापरला. तुम्ही वापरत नसायचात. तुमच्यापाशी कारणं इतकी असायची की एक पान पुरायचं नाही, तुम्ही समासातही लिहायचात.

तुमची कसोटी साधी होती. यंत्राने माणसाची अडचण सोडवली तर पुस्तक बाद, यंत्राने अडचण वाढवली तर पेटीत. मी म्हणायचे, सर, ही चौदा-पंधरा वर्षांची मुलं आहेत, त्यांना जरा चंद्रावर जाऊ द्या. तुम्ही म्हणायचात, जाऊ देत की, पण वायर कुठून आणली ते लेखकाने सांगावं. वर टोमणा ठरलेला. मी मखमलाबादच्या झेंडू-शेवंतीच्या मळ्यातली, वडील पहाटे फुलांच्या बाजारात जाणारे. ‘फुलांच्या घरातून आलात, तुम्हाला सगळंच छान दिसणार.’ हे तुम्ही स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलायचात आणि लोक हसायचे. मीही हसायचे. घरी जाऊन तुमच्या नावाने बोटं मोडायचे.

पण कळवणला पेटी घेऊन आपण दोघं गेलो होतो, तो दिवस मी तुम्हाला माफ करायला वापरते. नववीच्या वर्गात तुम्ही विचारलंत की या अंतराळयानाच्या गोष्टीत काय चुकलंय. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, यांच्या यानात लाईट जात नाय का?” वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तिला पुढे बोलावून खुर्चीवर बसवलंत आणि स्वतः उभे राहून तिला विचारत राहिलात, लाईट गेली तर आधी काय बंद पडेल, मग काय, मग कोण मरेल. ती पोरगी धीटपणे एकेक माणूस मारत गेली. परतीच्या एसटीत तुम्ही इतके खुशीत होतात की वणीच्या स्टँडवर मला भजी खायला घातलीत. त्यानंतर प्रत्येक पुस्तकाला आपला पहिला प्रश्न तोच झाला. लाईट जाते का?

आणि तुमची कात्री. एका कादंबरीत तीनशे पानं रोबो शहराचा ताबा घेत होते आणि शेवटी नायक अंथरुणात जागा होत होता, सगळं स्वप्न. तुम्ही त्यावर सही केलीत. मला आश्चर्य वाटलं. मग खिशातून कात्री काढून शेवटची अकरा पानं कापलीत आणि पुस्तक पेटीत ठेवलंत. सटाण्याच्या मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. बाहेर ऐकू येईल एवढ्या आवाजात ते अहिराणीत विचारत होते, “सर, याना शेवट कोठे शे?” तुम्ही मूळचे त्याच बाजूचे. “पोरेसले ईचारा,” म्हणालात आणि फोन ठेवलात. पोरांनी शेवट लिहून पाठवले. तुम्ही प्रत्येक वाचलात आणि प्रत्येकावर लाल पेनाने शेरा मारलात. त्यातल्या त्यात चांगल्या शेवटावर लिहिलंत, ‘मूळ लेखकापेक्षा बरं आहे, पण तो काही पराक्रम नव्हे.’ ज्याला हे मिळालं त्याने तो कागद फ्रेम करून घेतला असेल. बाकीच्यांना काय मिळालं ते मी वाचलंय. आपल्याच शाळेत, एकलहऱ्याच्या कॉलनीतून येणाऱ्या एका मुलीला तुम्ही भर वर्गात तिचंच लिखाण मोठ्याने वाचायला लावलंत आणि प्रत्येक वाक्याला थांबवून ‘हे कशावरून?’ विचारलंत. ती रडत वाचनालयात आली. मी तिला पाणी दिलं. तुम्ही आलात, तिला बघितलंत आणि म्हणालात, अशी वाटणी बरी आहे, मी रडवतो, तुम्ही पाणी द्या. ती मुलगी परत पेटीतलं पुस्तक न्यायला आली नाही, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मग तिला ते फारसं हवं नसणार. हा वाद आपण कधीच संपवला नाही. मला अजून वाटतं की तिला हवं होतं.

तुम्ही कुणालाच सोडलं नाहीत हे मात्र खरं. संस्थेच्या एका विश्वस्तांच्या मेहुण्याने लिहिलेली कादंबरी पेटीत घ्यावी म्हणून निरोप आला होता. मी सही करून मोकळी झाले असते. तुम्ही ती पूर्ण वाचलीत, दोनदा, आणि तीन पानं कारणं लिहून त्यांच्या घरी नेऊन दिलीत. उपमुख्याध्यापकपद तुमच्याकडे येणार होतं, ते गेलं. वहिनी महिनाभर तुमच्याशी धड बोलत नव्हत्या. मी विचारलं, वाईट वाटलं का? तुम्ही म्हणालात, पुस्तकाचं वाटलं, मधली चाळीस पानं बरी होती, त्याला कुणी सांगितलंच नाही. त्या दिवशी माझ्या मनात तुमची किंमत एवढी वाढली की पुढची फजिती तिथेच ठरली.

कारण त्यानंतर मी लिहायला बसले. दोन वर्षं, शाळा सुटल्यावर वाचनालयातच, रजिस्टरांच्या मागे. फुलांच्या मळ्यातली एक मुलगी, तिच्या वडिलांकडे एक यंत्र येतं. येत्या सणाला बाजारात कुठल्या फुलाला भाव येणार हे ते लागवडीआधीच सांगतं. सुरुवातीला घरात आनंद, मग गावातला प्रत्येक जण दारात, मग प्रत्येक जण शत्रू, कारण सगळ्यांनी एकच फूल लावलं. यंत्र अडचण वाढवतं, सर. लाईट जाते, सातव्या प्रकरणात, ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी. शेवट तर मी अकरा वेळा लिहिला, तुमची कात्री डोळ्यांसमोर ठेवून. पंचवटीतल्या एका छोट्या छापखान्याने ते टोपणनावाने छापलं. मला ना नाव हवं होतं ना सत्कार. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर तुमची सही हवी होती, आणि तीही मी कोण हे न कळता केलेली. दोन हजार साल उजाडायचं होतं, सगळे पेपर संगणक बंद पडणार म्हणून ओरडत होते, आणि मी प्रकाशकांकडून आलेल्या गठ्ठ्यात माझं पुस्तक मधोमध सरकवलं.

चार दिवसांनी तुम्ही गठ्ठा परत केलात. सहा पुस्तकांवर सह्या, चार पुस्तकांत कारणांचे कागद, माझ्या पुस्तकात काहीच नाही. चिठ्ठीवर एक आडवी रेघ. मी विचारलं, याचं कारण लिहायचं राहिलं का? तुम्ही खडूचे हात झटकलेत आणि म्हणालात, “माझा बिनकारणाचा नकार शिल्लक आहे ना? तो इथे लावा.” आणि तासाला निघून गेलात.

सहा वर्षांत पहिल्यांदा. तुमच्यापाशी कारण नाही, असं एकदाच झालं आणि ते माझ्या वाट्याला आलं. विश्वस्ताच्या मेहुण्याला तीन पानं मिळाली होती. मला वाटलं, पुस्तक इतकं टाकाऊ आहे की त्यावर शाई घालवायची तुमची इच्छा नाही. मग वाटलं, ओळखलंय आणि जळताय. ते जळणं मी पुष्कळ वर्षं जपून ठेवलं, त्याने बरं वाटायचं. उरलेल्या प्रती मी माळ्यावर टाकल्या. त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. घरच्यांना सांगितलं की वेळ मिळत नाही.

सूडही घेतला. खिशात मावणारा टेलिफोन प्रत्येकाकडे असेल आणि माणसं समोरासमोर बोलणं विसरतील, अशी एक कादंबरी तुम्ही फार पूर्वी बाद केली होती. कारणांत लिहिलं होतं, ‘मग एसटीडी बूथवाल्यांनी काय करावं ते लेखकाने सांगावं. शुद्ध थापा.’ तो कागद मी ठेवला होता. तुमच्या निरोपसमारंभात, सगळ्यांच्या खिशात मोबाईल असताना, मी तो माईकवर वाचला. सभागृह खदखदून हसलं. तुम्हीही हसलात, पण तुमचे कान लाल झाले होते आणि मला ते बघून पोटभर जेवल्याचं समाधान मिळालं. म्हणजे दुष्टपणा काय फक्त तुमच्याच मालकीचा नव्हता.

निवृत्तीनंतर साखरेने तुमचे डोळे नेले. तुम्ही निरोप पाठवलात, पेटीची पुस्तकं घरी येऊन वाचून दाखवा, विज्ञानाच्या नव्या शिक्षकाला काही कळत नाही. त्याला कळत होतं, पण मी आले. दर गुरुवारी चार वाजता, जेलरोडच्या तुमच्या घरी, वहिनींचा चहा आणि तुमची खुर्ची खिडकीशी. दोन वर्षं मी वाचलं. आवाजात जरा भावना आली की तुम्ही म्हणायचात, अभिनय नको, मजकूर द्या. पुस्तक पसंत पडलं की मी तुमचं बोट चिठ्ठीवरच्या जागेवर ठेवायचे आणि तुम्ही सही करायचात, ती दर महिन्याला थोडी खाली घसरत गेली. त्या खोलीत मी फार सुखात होते. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

महिन्यापूर्वीच्या गुरुवारी वाचून झाल्यावर मी विचारलं. नाव सांगितलं पुस्तकाचं, टोपणनाव सांगितलं, ते माझं होतं हे सांगितलं. म्हटलं, आता तरी कारण सांगा.

तुम्ही जराही चकित झाला नाहीत. म्हणालात, “माहीत होतं. पहिल्या चार ओळी वाचल्या. तुमची कारणांची पानं सहा वर्षं वाचत होतो, तुमचं वाक्य मला अंधारातही कळलं असतं. तिथेच मिटलं.”

मी म्हटलं, म्हणजे?

“म्हणजे वाचलं नाही. वाईट निघालं असतं तर मला लिहावं लागलं असतं. आणि ते वाचून तुम्ही पेटीचं काम सोडलं असतं. मला दुसरा कुणी नको होता.”

ज्या माणसाने न वाचता मत देणाऱ्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या, ज्याने त्यापायी पद घालवलं, त्याने नियम मोडला तो माझ्यावर. आणि तो प्रेमाने मोडला, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की मला किंचाळावंसं वाटलं. वहिनी बशीत चहा ओतत होत्या, त्यांचा हात थांबला. तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात आणि विचारलंत, आणलंय का, वाचा आता.

पुस्तक माझ्या पिशवीत होतं. कित्येक गुरुवार होतं. मी म्हटलं, प्रत उरली नाही. तुम्ही म्हणालात, मग तोंडी सांगा. मी म्हटलं, आठवत नाही. शब्द न शब्द पाठ असताना. तुम्ही म्हणालात, “पुढच्या गुरुवारी तेच आणा. नाहीतर येऊ नका.”

मी आले नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी आले नाही. स्वतःला सांगितलं की तुम्हाला समजू दे, वाट बघणं कसं असतं. शनिवारी वहिनींचा फोन आला. काल सभेनंतर वहिनी माझा हात धरून म्हणाल्या की त्या दोन्ही गुरुवारी तुम्ही दाढी करून घेतलीत, धुतलेला सदरा घातलात आणि चारला खुर्चीत बसलात. पाच वाजता विचारलंत, किती वाजले. सहाला उठून पलंगावर गेलात. वहिनी मला दोष देत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. त्यांनी दोष दिला असता तर मला भांडता आलं असतं.

आज सकाळी मी ते पुस्तक वाचलं. अभिनय न करता, नुसता मजकूर. एका बैठकीत संपलं. पुस्तक चांगलं नाही, सर. यंत्र कसं चालतं हे मी शेवटपर्यंत टाळलंय, आणि ती मुलगी प्रत्येक प्रकरणात तेच शहाणपण बोलते. सातवं प्रकरण बरं आहे. लाईट गेल्यावर बाप-लेक अंधारात फुलं मोजतात, तिथे पाच-सहा पानं अशी आहेत की ती मी लिहिली यावर माझाच विश्वास बसेना. बाकी सगळं काढून तिथून सुरुवात करायला हवी होती. हे तुम्ही एका पानात लिहिलं असतंत, समासासकट. मी तुमच्या नावाने बोटं मोडली असती, आठवडाभर बोलले नसते, आणि मग तिथून सुरुवात करून दुसरं लिहिलं असतं. पेटी मी सोडली नसती. तुम्हाला माझ्याबद्दल एवढंही कळलं नाही.

आणि मला तुमच्याबद्दल कळलं नाही. रागाने मी आले नाही, हे खोटं आहे, तुम्हालाही ते पटलं नसतं. मी आले नाही, कारण आता तुम्ही खरंच ऐकणार होतात. शेवटी तुम्ही जे म्हणाला असतात ते, माझ्या मनासारखं असो वा नसो, कारणांचं पान असतं. आठ वर्षं मी त्या पानासाठी तुमच्यासमोर बसले. दोन गुरुवार ते तुम्ही तोंडी द्यायला तयार होतात आणि मी घरी बसून होते.